व्हॅनवाल्यांचं अंगण, आमची विहीर

मांद्र्याचा म्हातारा: काल इथे एकाने लिहिलं, 'भाडं नाही, घरमालक नाही, गोव्यातल्या आश्व्याचा किनारा हेच अंगण. व्हॅनमध्ये आठ महिने पूर्ण!' फोटो झकास. आता अंगणाचं ऐका. आमच्या घरामागे सुरूच्या बनात तीन व्हॅन उभ्या असतात. पहिल्या दिवशी एक पोरगा कॅन घेऊन आला, 'काका, जरा पाणी?' दिलं. आता विचारतही नाही, थेट रहाटावर. व्हॅनमधल्या संडासाची पेटी कुठे ओतता, तेही फोटोसकट टाका.

चाकावरचा: ते मीच लिहिलं. पेटी ओळखीच्या गेस्ट हाउसमध्ये ओततो, पैसे देऊन. झाडीत नाही.

प्लंबर: पेटीत वास मारायला घालतात ते निळं औषध ना? सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात त्याने. गेल्या मे महिन्यात अशीच एक तुंबलेली टाकी उपसली, दोन दिवस जेवण गेलं नाही.

चाकावरचा: बरं, औषध बदलतो. पण किनाऱ्यावर काँक्रीट ओतणाऱ्या हॉटेलांवर कोणी काही लिहीत नाही!

पेडण्याची सून: हॉटेलं राहू देत. माझ्या भावाची सिंधुदुर्गची एमएच ०७ गाडी पत्रादेवीच्या सीमानाक्याला दर खेपेस अडवतात. कागद दाखव, पीयूसी दाखव. आणि यांच्या परराज्याच्या पाट्या वर्ष वर्ष इथेच!

चाकावरचा: आठ महिने, ताई. कायद्याने बारा महिन्यांपर्यंत चालतं.

पेडण्याची सून: बारा झाले की गोव्याची जीए पाटी लावणार, की चोर्ला घाट चढून राज्याबाहेर जाणार आणि परत उतरून नव्याने महिने मोजणार? माझं माहेर सावंतवाडी, घाटाच्या खालीच. तरी एकोणीस वर्षं इथे 'घाटी' ऐकतेय. तुम्ही मात्र आठ महिन्यांत 'लोकल'!

प्लंबर: वहिनी, घाटी प्रेमाने म्हणतात.

पेडण्याची सून: मग तुमच्या बायकोला म्हणा प्रेमाने.

कासवमित्र: पाट्यांवरून भांडून झालं असेल तर ऐका. मोरजी-आश्व्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्राकडे नाही. रात्री दिव्यांच्या माळा लावू नका.

चाकावरचा: माळा काढल्या. पाण्याचंही चुकलं, काका. पण हाकलू नका, मी कचरा गोळा करून नेतो.

मांद्र्याचा म्हातारा: नेतोस, पाहिलंय. उपकारच म्हणायचे. रहाटाचा दोर झिजलाय, अर्धे पैसे आणून दे. आणि विचारून भर.