मदत हवी आहे: लहानपणी घरात मिळालेल्या अबोल्याचा परिणाम, कोणाला दाखवावं?

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. लहानपणी मारहाण नाही, खाण्यापिण्याची आबाळ नाही. पण आईवडील दिवसचे दिवस तिच्याशी बोलायचे नाहीत, रडली तरी जवळ घ्यायचे नाहीत. आता तिशीत, नवऱ्याने फोन उचलला नाही तरी तिचे हात गार पडतात, मग ती माफी मागत सुटते. थायरॉइड, बी-१२ नॉर्मल आहे. टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६) फोन केला, त्यांनी प्रत्यक्ष भेटायला सांगितलं. एक समुपदेशक "विसरून जा" म्हणाले, ते तिला फार लागलं. आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) मधल्या कॉम्प्लेक्स पीटीएसडीला, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या निदानाला, भयंकर प्रसंगांची अट दिसते. मग नुसत्या भावनिक दुर्लक्षानेही कायमचा आघात होतो का, की निदान वेगळं असतं? पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात, संध्याकाळी सातनंतर, मराठीतून बोलणारं कोणी हवंय. आधी मानसोपचारतज्ज्ञ (औषधं देणारे डॉक्टर) गाठावा की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ)?