उरलेल्या लोकरीचं काय विणलंत, कोणाला दिलंत? (अनुभव धागा)

दिवाळीचा फराळ संपला, पहाटे पंखा बंद करावा लागतोय, म्हणजे माळ्यावरची लोकरीची पिशवी खाली यायची वेळ झाली. माझ्या पिशवीत स्वेटर होऊन उरलेले अर्धे गुंडे, कोणीतरी "तू विणतेस ना" म्हणून आणून दिलेल्या लडी, आणि मुठीत मावेल एवढ्या ढीगभर गुंडाळ्या. यातून दर थंडीत मी कानटोप्या, मनगटी, गळपट्टे असलं काहीबाही विणते आणि वाटून टाकते. तुम्ही काय करता ते लिहा. पण नुसतं "छान टोपी केली" नको, कोणासाठी केली, त्याने ती घातली का, आणि लोकर कशी जमवली तेही लिहा.

सुरुवात मीच करते. मी आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लोकर मोजते. २०-२५ ग्रॅम असेल तर तान्ह्या बाळाची टोपी होते, ४०-५० ला मनगटीची जोडी, ६० ते ८० ला मोठ्या माणसाची कानटोपी किंवा गळ्याचा बंद पट्टा. पूर्ण मफलरला दीड-दोनशे ग्रॅम तरी लागते, त्यामुळे उरलेल्या लोकरीत मफलर करायला जाऊच नये असं माझं मत. जोडी विणायची असेल तर वजनकाटा जवळच ठेवायचा, निम्मी लोकर संपायच्या आत पहिला नग झाला पाहिजे. रंग जुळत नसतील तर एक राखाडी किंवा काळा गुंडा नवा आणते आणि दोन ओळी त्याच्या, दोन ओळी उरलेल्या रंगाच्या अशा विणते. मग कितीही विचित्र रंग असले तरी मुद्दाम केल्यासारखं दिसतं. आता तुम्ही.

निफाडजवळून

आमच्याकडे थंडी म्हणजे खरी थंडी, पेपरात दरवर्षी निफाडचा आकडा येतोच, पारा ५-६ च्या खाली गेला की द्राक्षबागेवाल्यांची झोप उडते. बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे पाणी द्यायचं, आणि शेतीची लाईट तर बऱ्याचदा रात्रीचीच असते. म्हणून मी मनगटी विणते, हातमोजे नाही. हातमोजे घालून व्हॉल्व्ह फिरवता येत नाही, मोटरचं बटण दाबता येत नाही, मोबाईलवर बोट चालत नाही, मग ते काढून खिशात ठेवतात आणि हरवतात. मनगटीत बोटं मोकळी राहतात आणि मनगट झाकलं की हात गार पडत नाही.

माझं माप सांगते, ८ नंबरच्या सुया, ४० टाके, दोन सुलट दोन उलट, वीतभर विणायचं आणि टाके सैल बंद करायचे. कडा जोडून शिवताना अंगठ्यासाठी दोन बोटं फट सोडायची, झालं. एका संध्याकाळी सिरीयल बघता बघता एक हात होतो. रंग फक्त गडद घ्यायचे, चॉकलेटी, काळा, बाटली हिरवा, चिखल दिसत नाही. आमच्या वाटेकऱ्यांना, दिरांना, पाणी सोडायला येणाऱ्या मुलांना सगळ्यांना दिल्या. एक मुलगा दुसऱ्या वर्षी स्वतःच आला, काकू ते हातातलं फाटलं, आहे का अजून. म्हणजे वापरलं ना!

डोंबिवलीहून

मुंबईत लोकर कोण घालणार म्हणून हसू नका, आमच्या ऑफिसमधला एसी बघा आधी. बारा महिने शाल गुंडाळून बसलेल्या बायका आहेत. मी क्रोशावाली, लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली की सुई बाहेर. गळ्यापुरते छोटे पट्टे करते, पुढे एक मोठं बटण, ड्रॉवरमध्ये घडी करून राहतात. आमच्या टीममधल्या सगळ्या जणींचे झाले, आता पुरुष मंडळी लाजत लाजत विचारतायत.

जर्मनीतून, स्टुटगार्टच्या बाजूला

इथे मोजे विणायची खास लोकर मिळते, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के पॉलिअमाईड, १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण ४२० मीटर. एक जोडी मोजे झाले की थोडी थोडी उरतेच, आणि ती गुंडाळी टाकवतही नाही कारण रंग फार सुंदर असतात. मी दोन वेगळ्या रंगांचे धागे एकत्र धरून साडेचारच्या सुईवर विणते, जाड आणि ठिपक्याठिपक्यांचं विणकाम होतं, पटकन संपतं पण.

(सुयांचं एक सांगते, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, इथे मिलिमीटरमध्ये असतं म्हणजे बरोबर उलटं. आपली १० नंबर म्हणजे सव्वातीन, ८ नंबर म्हणजे ४. आईने सांगितलेलं माप इथे विणताना हे डोक्यात ठेवावं लागतं.)

माझी लेक किंडरगार्टनला जायला लागली तेव्हा मी हौसेने लांब मफलर घेऊन बसले होते, पण तिथे मफलर चालत नाहीत. घसरगुंडीत, झोपाळ्यात अडकून गळ्याला फास बसू शकतो म्हणून टोपीला नाड्या नकोत, गळ्याला लोंबणारं काही नको. मग नळीसारखा डोक्यातून घालायचा बंद पट्टा. आता तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलांकडे माझे पट्टे आहेत. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनची कंदिलांची मिरवणूक असते, अंधारात मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत जातात (आकाशकंदिलाची आठवण येतेच), तेव्हा गर्दीत मला आपले पट्टे ओळखू येतात. भारतात लहान मुलांसाठी विणताना पण नाड्यांचा विचार करावा असं मला वाटतं.

साताऱ्याहून, वय पंच्याहत्तर

तुम्ही मुली नवीन गुंड्यातलं उरलेलं म्हणता, आमच्या वेळी नवीन लोकर वर्षातून एकदा यायची. मुलाचा स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा. कसा ते सांगते कारण आता कोणी करत नाही. शिवण आधी अलगद कापायची, विणीचा धागा तुटता कामा नये. मग वरून, म्हणजे जिथे टाके बंद केले तिथून उसवायला घ्यायचं. खालून उसवायला गेलात तर गुंता होतो. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी असते, ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगायची आणि खाली एक जड पळी अडकवायची. वाळली की सरळ होते. न धुता तशीच विणली तर टाके वाकडेतिकडे येतात.

१९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा मी शाळेत होते. जवानांसाठी म्हणून देशभर बायका विणत होत्या, आमच्या घरी आई आणि काकू रात्री कंदिलाशी बसायच्या, मला मफलर दिला होता कारण त्यात काही घटवाढव नसते. खाकी आणि हिरवट लोकर. ती उरली त्याचे पुढे आम्हा भावंडांना मोजे झाले, कुठला रंग आवडतो असं कोणी विचारलं नाही!

आता डोळ्यांना बारीक दिसत नाही, पण सुलट-सुलट दोन्हीकडून, ते न बघता येतं. नातसुनांना पट्ट्या विणून देते, त्या जोडून गोधडी करतात.

पुण्यातून, न विणणारा

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, रागावू नका. आमची आत्या दर जानेवारीत मला काहीतरी देते. आत्तापर्यंत मोरपंखी, गुलाबी आणि मोहरी रंग एकाच टोपीत आलेले आहेत आणि वर गोंडा. आत्यावर माझं प्रेम आहे. टोपी कपाटात आहे. ती घरी येते तेव्हा मी घालतो.

तर विणणाऱ्यांना विनंती, पुरुषांना एकतर आधी विचारा नाहीतर राखाडी, काळा, नेव्ही ब्लू एवढ्यात राहा. बाईकवर हेल्मेटच्या आत टोपी बसत नाही, गोंड्यासकट तर नाहीच. कान आणि मान झाकणारी पातळ पट्टी द्या, ती मी रोज घालेन, शपथ. आणि लोकर टोचते. "वापरून मऊ होईल" असं प्रत्येक विणणारी बाई म्हणते.

नागपूरहून, नर्स आहे

वरच्या दादांचं टोचण्याचं बरोबर आहे. आमच्या वॉर्डात कमी दिवसांची बाळं असतात, त्यांच्यासाठी बायका प्रेमाने टोप्या आणून देतात, त्यातल्या बऱ्याच आम्हाला घालता येत नाहीत म्हणून लिहिते. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, उष्णता तिथून खूप जाते, त्यामुळे टोपी आणि मोजे फार कामाचे. कांगारू केअरमध्ये बाळाला आईच्या छातीशी उघडं ठेवतात, तेव्हाही डोक्याला टोपी आणि पायात मोजे असतातच. पण बटण, मणी, रिबन, गोंडा काही नको. फरची लोकर अजिबात नको, तंतू नाकातोंडात जातात. आतून गाठी नकोत. मोज्यांच्या आत सुटे धागे नकोत, एवढंसं बोट त्यात अडकतं.

माप पण, पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंमी असतं, आमची बाळं त्याहून लहान, २५ पासून पुढे. बाजारातली सगळ्यात लहान टोपी पण नाकावर येते. म्हणून तुमच्या २० ग्रॅमच्या गुंडाळ्यांचा इथे खरा उपयोग. मऊ बेबी लोकर किंवा सुती धागा, साधी दोन सुलट दोन उलट म्हणजे ताणते, धुवून द्या. आणि आधी त्या हॉस्पिटलला विचारा, प्रत्येकाचे नियम वेगळे असतात.

नाशिक

आम्ही बिल्डिंगमधल्या चौघींनी गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून कानपट्ट्या लुटल्या. प्लास्टिकचे डबे घेऊन घेऊन सगळ्यांच्या घरी ढीग झालाय, त्यापेक्षा हे बरं. कानपट्टीला जेमतेम ३० ग्रॅम लागते. आणि काळी लोकर ज्यांच्याकडे उरली असेल त्यांनी संक्रांतीसाठीच ठेवा, एरवी बाळाला काळं देताना घरातले कुरकुर करतात, बोरन्हाणाला मात्र काळ्या झबल्यावर काळं टोपडं लागतंच. मी त्यावर पांढऱ्या धाग्याचे ठिपके भरले, हलव्याच्या दागिन्यांबरोबर इतकं गोड दिसलं, फोटो काढून काढून बाळ वैतागलं.

सांगली जिल्हा, प्राथमिक शिक्षिका

आमच्या गावाबाहेर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडचे लोक, गळीत हंगाम संपेपर्यंत कोप्यांत राहतात. पहाटे चार वाजता आईबाप फडात, पोरं पाचटावर झोपलेली. त्यांच्यासाठी मी टोप्या गोळा करते. इथे रंगाचं बंधन नाही, उलट जेवढा भडक तेवढा आवडतो, गोंड्यावरून तर भांडणं होतात. पुण्याच्या दादांनी त्यांची टोपी खुशाल इकडे पाठवावी.

एक महत्त्वाचं. आपण लोकर लोकर म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते. ही पोरं शेकोटीला चिकटून बसतात. ॲक्रिलिक जळताना वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही. म्हणून मी लोंबणारं काही देत नाही, अंगाबरोबर बसणारी टोपीच देते, आणि खरी लोकर कोणी दिली तर ती यांच्यासाठी बाजूला ठेवते. ओळखायचं असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, सिंकवर. केस जळल्याचा वास येऊन राख चुरगळली तर लोकर, टोकाला कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

पुन्हा मीच, धागा काढणारी

वा, भारी लिहिताय सगळे. फोनवर दोघीतिघींनी विचारलं की तुकडे जोडायचे कसे, तर खऱ्या लोकरीचं सोपं आहे. दोन्ही टोकांचे पीळ सोडवायचे, एकमेकांवर ठेवायचे, पाण्याचा हात लावायचा आणि तळहातांत जोरात चोळायचं, गरम झाल्यावर एकजीव होतात, गाठ नाही काही नाही. ॲक्रिलिक असं जुळत नाही, त्याला दोन्ही धागे एकत्र धरून सात-आठ टाके विणायचे आणि टोकं नंतर मागून ओवायची. खरी आणि ॲक्रिलिक एकाच टोपीत मिसळू नका, गरम पाण्यात खरी आटते, दुसरी तशीच राहते, टोपी चुणी पडल्यासारखी होते. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका, वीण चपटी होते ती परत उठत नाही. आणि देताना चिठ्ठी लावा, कशी धुवायची ते. आपण विसरतो आणि समोरचा मशीनमध्ये जीन्सबरोबर टाकतो.

परत नागपूर

एक राहिलं. केमो चालू असलेल्यांसाठी टोप्या करायच्या असतील तर सुती धाग्याच्याच करा, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. केस गेलेल्या डोक्याला आतली शिवण फार बोचते. झोपताना घालता येईल अशी पातळ हवी.

पुण्यातला न विणणारा

सांगलीच्या बाई, टोपी पाठवतो. फक्त आत्याला एक कानपट्टी आधी मागून घेतो, राखाडी. नाशिकच्या ताई, किती टाके घालायचे ते लिहा ना, ती मला विचारणार.

नाशिक

घ्या. आडवी नाही, पट्टी विणायची. ८ नंबर, २२ टाके, दोन्हीकडून सुलट, म्हणजे साधारण १० सेंमी रुंद. डोक्याचा घेर मोजा आणि त्यापेक्षा चार-पाच सेंमी कमी लांब विणा, ताणून बसते. टोकं जोडून शिवायची. आत्यांना सांगा गोंडा नको.