टेम्प्लेटमध्ये तालही हवा

संगणकावर गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम पटापट व्हावं म्हणून शॉर्टकट पाठ करा आणि टेम्प्लेट (आधीच मांडून ठेवलेली कोरी फाइल) बनवून ठेवा, असं दोघा-तिघांनी सांगितलंय, ते पटतंच. पण त्या सगळ्या टेम्प्लेटमध्ये टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका खान्यात, किती मात्रा) जन्मजात ४/४, म्हणजे चार मात्रांची असते. आठ मात्रांचा केरवा त्यात आरामात बसतो; सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल घेतला की समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) आणि बार-रेषेची चुकामूक सुरू. मग कॉपी-पेस्ट करताना दर वेळी मात्रा मोजत बसायचं. मी तालागणिक वेगळं टेम्प्लेट ठेवतो: रूपकला ७/४, झपतालाला १०/४. एक बार म्हणजे एक आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा), सम कायम रेषेवर, त्यामुळे मुखड्याचा (समेवर येणाऱ्या ओळीचा) चांगला टेक उचलून पुढच्या आवर्तनात टाकणं दोन क्लिकचं काम. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये मेट्रोनोमची (लय दाखवणाऱ्या टिकटिकीची) कुठली टिक ठळक हवी तेही ठरवता येतं, म्हणजे झपतालाचे २-३-२-३ विभाग कानाला कळतात. गाणाऱ्याला सपाट टिकटिक ऐकवणं म्हणजे छळच.

विलंबित (अगदी संथ) एकतालाचं, म्हणजे बारा मात्रांच्या तालाचं, मात्र उलटं आहे. एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मिनिटाला २० ठोक्यांच्या खाली जातच नाही आणि बड्या ख्यालाची (संथ लयीतल्या शास्त्रीय गायनाची) लय सहज मिनिटाला १५ मात्रांवर असते. तिथे तबलजी मनात धरतात तसे मात्रेचे चार भाग करायचे: टेम्पो ६०, आणि एक मात्रा म्हणजे ४/४ चा एक बार. बारा बारांत आवर्तन पुरं. अर्थात गायक मेट्रोनोमच्या टिकटिकीवर गायला तयार असेल तरच हे सगळं. नसेल तर आधी मोकळं रेकॉर्ड करून मग समेसमेला मार्कर (खूण) टाकत जायचं.