रिॲक्ट ॲपची जेएस फाइल २ एमबीच्या वर जातेय, कमी कशी करू?

कोडवाला_पोऱ्या: मंडळी, शेतमालाचे बाजारभाव दाखवणारं छोटं ॲप आहे, रिॲक्टमध्ये लिहिलंय, कोड एकत्र बांधायला वेबपॅक, पुढे सर्व्हर म्हणून एनजिनएक्स. प्रॉडक्शन बिल्डच करतोय तरी मेन जेएस २.१ एमबी, मराठी फाँट वेगळाच. लॅपटॉपवर झटक्यात उघडतं पण गावाकडं साध्या फोनवर नुसती पांढरी स्क्रीन. जीझिप (फाइल दाबून छोटी करून पाठवणं) ऑन केलंय तरी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये जेएस तेवढीच्या तेवढी दिसते, असं का?

सर्व्हरभाऊ: एनजिनएक्समध्ये नुसतं 'जीझिप ऑन' लिहिलं तर फक्त एचटीएमएल कॉम्प्रेस होतं रे. जीझिप_टाइप्समध्ये जावास्क्रिप्ट, सीएसएस, जेसन हे सगळं आपण घालायचं असतं. रीलोड कर आणि रिस्पॉन्स हेडरमध्ये कंटेंट-एन्कोडिंग येतंय का बघ.

निवांत_देव: ते करच, पण त्याने फक्त डाउनलोड हलकं होतं. फोनला शेवटी २.१ एमबी कोड उलगडून वाचावा आणि चालवावा लागणारच, स्वस्त फोन तिथंच धापा टाकतो. बंडल ॲनालायझर लाव, कुठली लायब्ररी किती जागा खाते ते त्यात चौकोनांनी दिसतं, मोठे चौकोन कुठले ते सांग.

कोडवाला_पोऱ्या: लावला. चार्टची लायब्ररी सगळ्यात मोठी, मग मोमेंट (तारखांची), मग लोडॅश (छोट्यामोठ्या फंक्शनांची). मोमेंटमध्ये जगातल्या सगळ्या भाषा दिसतायत 😅

निवांत_देव: वेबपॅक मोमेंटच्या सगळ्या लोकेल म्हणजे भाषेच्या फाइली आत ओढतं, त्यात स्टार ट्रेकमधली क्लिंगॉनपण आहे, तिकडं कांद्याचा भाव कोण बघणारे! मोमेंटवाले स्वतःच २०२० पासून नव्या प्रोजेक्टला दुसरं काहीतरी घ्या म्हणतायत. डेजेएस घे, जीझिप करून २ केबीच्या आसपास, मराठी लोकेल आहे, आणि लिहायची पद्धत जवळपास तीच. लोडॅशमधली लागतात तेवढीच फंक्शनं इंपोर्ट कर. चार्ट पहिल्या स्क्रीनवर नसेल तर रिॲक्ट डॉट लेझीने वेगळा काढ, ज्याला ग्राफ बघायचाय त्याच्याच फोनवर उतरेल.

अक्षरवेडी: फाँटकडं कुणीच बघत नाही. टीटीएफ फाइल असेल तर वॉफ२ (वेबसाठीचा फाँटचा प्रकार) कर, त्यात ब्रॉटली कॉम्प्रेशन आधीच असतं म्हणून त्याला परत जीझिप लावू नका. फाँटटूल्सच्या पायएफटीसबसेटने नको ती अक्षरं कापता येतात, पण लागणारी अक्षरं हाताने निवडत बसू नकोस, ऱ राहून जातो आणि मग 'शेतकऱ्याचा' शब्दाची वाट लागते. युनिकोडमधला देवनागरीचा अख्खा ब्लॉक ठेव, ०९०० ते ०९७एफ. ₹ त्या ब्लॉकमध्ये नाही, २०बी९ वेगळा घाल, नाहीतर भावाच्या ॲपमध्ये रुपयाच दुसऱ्या फाँटमध्ये दिसेल. आणि सीएसएसमध्ये फाँट-डिस्प्ले स्वॅप ठेव, म्हणजे फाँट यायच्या आधी मजकूर तरी दिसतो.

कोडवाला_पोऱ्या: जीझिप_टाइप्स घातलं, जेएस आता साधारण ६०० केबी येतेय. मोमेंट काढायला घेतलंय. ताई, फाँट टीटीएफच होता 🙏 चार्ट वेगळा करताना अडलो तर इथंच विचारतो.