मंदीत घर घ्यावं की थांबावं? महिनाअखेर उत्तर द्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे घरात दुसरा विषय नाहीये आणि रात्री झोपही लागत नाहीये म्हणून शेवटी इथे लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं नोकरी करतो, पाच वर्षांची मुलगी आहे, लग्नापासून भाड्याने राहतोय. दोन वर्षांपूर्वी एक घर बघितलं होतं, खूप आवडलं होतं पण तेव्हा किंमत झेपणारी नव्हती. आता तेच घर परत विकायला आलंय आणि मालक तेव्हाच्या किमतीपेक्षा १२ टक्के कमी सांगतायत. त्यांना पैशांची निकड आहे असं एजंट म्हणाला, महिनाअखेर हो की नाही ते सांगा आणि टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक बघतो.

अडचण अशी की ज्या मंदीमुळे घर स्वस्त झालंय तीच मंदी नवऱ्याच्या कंपनीतही आलीये. मागच्या तिमाहीत त्यांच्या डिपार्टमेंटमधल्या काही लोकांना काढलं. त्याला अजून कोणी काही बोललेलं नाही पण इन्क्रिमेंट थांबलंय आणि नवीन प्रोजेक्टचा पत्ता नाही. माझी नोकरी त्यामानाने बरी आहे, पण पगार त्याच्यापेक्षा कमी.

आकडे प्रमाणात सांगते म्हणजे हिशोब करता येईल. दोघांचा मिळून महिन्याचा हातात येणारा पगार १०० धरा. त्यातला त्याचा ६०, माझा ४०. भाडं १८, बाकी घरखर्च ३५, उरलेले ४७ बाजूला पडतात. घराची किंमत म्हणजे आमचा दोघांचा साधारण ५८ महिन्यांचा पगार. ८० टक्के लोन, २० वर्षं, ९ टक्क्यांनी, फ्लोटिंग म्हणजे व्याजदर पुढे बदलू शकतो. ईएमआय ४२ बसतो. डाउन पेमेंट, रजिस्ट्रेशन वगैरे सगळं देऊन हातात १५० उरतात, म्हणजे दीड महिन्याचा पगार.

सासरे म्हणतात अशी संधी परत येत नाही, भाडं म्हणजे पैसे वाया. माझी आई म्हणते भाव अजून पडतील, घाई करू नका. दोघंही आमच्या भल्याचंच सांगतायत पण दोघांचं ऐकून डोकं जास्तच फिरलंय. नवरा म्हणतो तू ठरव. मला विचाराल तर ते घर हवंय, अगदी मनापासून. मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल, त्याआधी एका जागी स्थिर व्हावं असं फार वाटतंय.

तर विचारायचं एवढंच, भाव तळाला गेलेत का अजून पडतील हे कळायचा काही मार्ग आहे का? आणि मंदीत घर घेतलेलं कोणी असेल तर प्लीज अनुभव सांगा.

प्रतिसाद १

ताई, आम्ही सप्टेंबर २००८ मध्ये घर घेतलं, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली तोच महिना. भाव पडलेत म्हणून खुशीत सही केली आणि पाचव्या महिन्यात माझी नोकरी गेली, नवीन मिळायला सात महिने लागले. आता मागे वळून बघितलं तर घराचा निर्णय चुकला नव्हता, आजही त्याच घरात राहतोय. पण ते सात महिने निभावले ते फक्त मोठ्या भावाने हात दिला म्हणून. मध्ये एकदा वैतागून घर विकायला काढलं होतं तर चार महिन्यांत बघायलासुद्धा दोनच जण आले, आणि दोघांनीही आम्ही घेतलं त्याच्या कितीतरी खालचा भाव सांगितला.

म्हणून तळ कुठे आहे हा प्रश्न मी बाजूला ठेवीन. तो आधी कोणालाच कळत नाही. अमेरिकेत घरांचे भाव २००६ पासून घसरायला लागले ते थांबायला २०१२ उजाडलं, पाव हिस्सा तरी किंमत गेली. आयर्लंडमध्ये तर २००७ नंतरच्या सहा वर्षांत निम्म्याहून खाली आले. तिथे मधल्या प्रत्येक वर्षी कोणाला तरी वाटलंच असणार की आता झालं, आता घेऊया. तुमचं लोन ८० टक्के आहे, भाव २५ टक्के पडला की घराच्या किमतीपेक्षा लोन जास्त होतं. मात्र हप्ता वेळेवर जात असेल आणि घर विकायचं नसेल तर हा तोटा कागदावरच राहतो. भाव पडलेला असताना पगार बंद झाला की मग तो खरा होतो, कारण तेव्हा विकावं लागतं. आणि मंदीत या दोन गोष्टी एकदमच येतात.

आता तुमचेच आकडे घ्या. मिस्टरांचा पगार थांबला तर तुमचे ४० येतील, जाणार ४२ अधिक ३५ म्हणजे ७७. दर महिन्याला ३७ कमी. हातातले १५० चार महिन्यांत संपले! उलट भाड्याच्या घरात हाच प्रसंग आला तर खड्डा १३ चा, आणि डाउन पेमेंटचे पैसे अजून तुमच्याकडेच. भाडं वाया जातं म्हणतात त्यांना हे सांगा की सध्या त्या भाड्यात तुम्ही पाय मोकळा ठेवताय.

अजून एक, कारण हे कोणी सांगत नाही. फ्लोटिंग रेट ९ चा १० झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर २० वर्षांचं लोन २६ वर्षांच्या पुढे जातं. ८ झाला तर १७ वर्षांत संपतं. आणि सुरुवातीच्या हप्त्यात साधारण एक षष्ठांशच मुद्दल असतं, ५ वर्षं भरूनसुद्धा जवळजवळ ८९ टक्के लोन शिल्लक. म्हणजे दोन-तीन वर्षांत विकून मोकळं होऊ असा विचार असेल तर तो सोडून द्या.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं पण दुसरी बाजूही लिहितो. २०२० मध्ये सगळे म्हणत होते भाव कोसळणार, मीही थांबलो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे व्याजदर पाडले गेले आणि भाव उलट वर गेले. आमच्याकडेही तेच झालं, ज्या घरासाठी थांबलो ते हातातून गेलं. त्यामुळे थांबणं फुकट असतं असं समजू नका. तुमच्या किमतीवर ५ टक्के वाढ म्हणजे जवळजवळ २९०, म्हणजे सहा महिन्यांची बचत त्यातच जाईल.

पण तुमच्या केसमध्ये मीसुद्धा थांबा म्हणीन. सहा महिने थांबलात तर ४७ च्या हिशोबाने २८२ जमतील, हातात १५० ऐवजी ४३२. एक पगार गेला तरी साडेअकरा महिने निघतात. चार महिन्यात नोकरी मिळेलच असं नाही, अकरा महिन्यात बऱ्यापैकी शक्यता असते. आणि त्या सहा महिन्यात ईएमआय चालू झालाय असं धरून भाड्यावरचे २४ दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, हात लावू नका. जमतंय का ते तुम्हालाच कळेल.

मालकाची निकड खरी असेल तर महिनाअखेरची मुदत त्याच्यासाठी जास्त अवघड आहे. एजंटला बाजूला ठेवून एकदा थेट भेटा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ३७ चा आकडा मी स्वतः कधी मांडलाच नव्हता, आम्ही दोघं ईएमआय पगारातून बसतो का एवढंच बघत होतो. काल रात्री नवऱ्यासमोर कागदावर लिहून दाखवलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला मला पहिल्यापासून हीच भीती होती पण तुला घर एवढं आवडलंय म्हणून गप्प होतो. खूप वाईट वाटलं. इतके दिवस तो एकटाच हे घेऊन बसला होता.

आज मालकांना जाऊन भेटलो. वयस्कर जोडपं आहे, मुलाकडे राहायला जायचंय म्हणून विकतायत. आम्ही खरं काय ते सांगितलं, की घर हवंय पण या महिन्यात टोकन देऊ शकत नाही. ते म्हणाले पाच महिने तरी ते इथेच आहेत, मध्ये कोणी पूर्ण पैसे घेऊन आलं तर देऊन टाकतील, नाहीतर आम्हाला आधी फोन करतील. एवढ्यावर उठलो. उद्यापासून २४ वेगळ्या खात्यात.

सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, रविवारी सांगू. एकच शंका राहिलीये, ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा: या पाच महिन्यांत नवरा नवीन नोकरी शोधायला लागला आणि बदलली, तर लोन देताना बँक नव्या नोकरीचे किती महिने पूर्ण झालेले बघते? तसं असेल तर त्याने आत्ता बदलावी की लोन झाल्यावर?