मदत हवी आहे: खाजकुयलीची पूड किती द्यावी?

रापण
घाईत लिहितोय, लाइट कधीही जाईल. अप्पांना (वडील, वय ७४) ६ वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे. शेजारच्या तात्यांनी खाजकुयलीच्या बियांची पूड करून दिली, आज १२ दिवस झाले. सुरुवातीला जबरदस्त गुण आला. आता उलट्या होतायत आणि कालपासून माणूस जागचा हलत नाही. पूड दुधातून द्यावी की मधातून, आणि किती, एवढंच सांगा. 'डॉक्टरांकडे जा' हे आम्हालाही कळतं. न्यूरोलॉजिस्ट कोल्हापूरला, आम्ही देवगड तालुक्यात, आणि या पावसात त्यांना घेऊन घाट चढायचा म्हणजे काय ते चढणाऱ्यालाच ठाऊक.

काजूबी
सध्या किती देताय? चहाचा चमचा की पोह्यांचा? बाकी गोळ्या काही चालू आहेत का?

कषाय
कपिकच्छू (खाजकुयलीच) वातव्याधीत उत्तमच, घाबरू नका. पण शोधन केलं होतं का? बिया गाईच्या दुधात शिजवायच्या, साल काढायची, वाळवून मग पूड करायची. कच्ची पूड पोटात गेली तर उलट्या होणारच. तात्यांना विचारा.

झिलगो
रे बाबा, ती शेंग हाताळली कोणी? आमच्याकडे खाजकुयली लागली की पाणी लावायचा नाय. आधी सुक्या राखेन पुसायचा, मग खोबरेल.

रापण
खाज कोणालाही आलेली नाही. शेंगा तात्यांनी मार्गशीर्षात काढल्या, लव जाळून घेतली. चमचा चहाचा, सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळ्या आहेत नेहमीच्या. दूध की मध?

तिरफळ
मी औषधाच्या दुकानात बसते, १९ वर्षं. 'नेहमीच्या' म्हणजे कुठल्या? पट्टी हातात घ्या आणि मागचं नाव वाचून इथे लिहा. उलटीवर काही दिलंय का तेही लिहा. दूध-मध नंतर.

मावशी_दादर
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. सासूबाई हल्ली फार विसरतात, गॅस चालू ठेवतात. कुडाळहून ब्राह्मीचं तेल मागवलंय. डोक्याला चोळून उपयोग होतो का?

नस्ती_उठाठेव
मावशी, आधी ती ब्राह्मी कुठली ते पाहा. आपल्याकडे दोन झाडांना ब्राह्मी म्हणतात. ओलीवर पसरणारी, जाड बारकी पानं आणि पांढुरकं फूल ती नीरब्राह्मी. गोल, कातरलेल्या कडेचं पान ती मंडूकपर्णी. दोन्हींतली द्रव्यं वेगळी. तेल चोळून डोकं थंड वाटेल, गॅस बंद करायची आठवण येणार नाही. विसरभोळेपणावरची खरी वनस्पतीतून आलेली गोळी म्हणजे गॅलँटामाइन. ती मिळाली हिमपुष्पाच्या (स्नोड्रॉप) कांद्यात, म्हणजे थंड देशात.

आता रापण यांच्या विषयाकडे. खाजकुयली थोतांड नाही. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामाइन (हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन) होतं ते द्रव्य, हे १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवलं. तेव्हा ते कंपवातावर चालतं हे कोणाला ठाऊकही नव्हतं. पुढे कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने सशांना रिसर्पिन दिलं, ससे जागच्या जागी गोठले. मग लेव्होडोपा टोचलं तर उठून हिंडायला लागले. गंमत अशी की रिसर्पिन आपल्याच सर्पगंधेतलं. एका झाडाने मेंदूतलं डोपामाइन रिकामं केलं, दुसऱ्या झाडातल्या द्रव्याने भरून दिलं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

कषाय
हेच तर म्हणतोय! आपल्याकडे हजारो वर्षं माहीत होतं. लंडनला २००४ मध्ये प्रयोगही झाला, ३० ग्रॅम पूड गोळीपेक्षा लवकर चढली आणि जास्त वेळ टिकली.

नस्ती_उठाठेव
झाला. ८ रुग्णांवर, मोजलेल्या मात्रेने, डॉक्टर समोर बसलेले असताना. तात्यांच्या ओसरीवर नाही झाला.

कषाय
तुम्हाला आयुर्वेदाचं नाव काढलं की मिरच्या लागतात.

तिरफळ
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. रापण, पट्टी?

रापण
लाइट गेली होती. सिंडोपा ११०, दिवसातून ३. आणि एक अर्धी पांढरी गोळी सकाळी, तिची पट्टी कापलेली आहे, नाव दिसत नाही. उलटीसाठी गावातल्या डॉक्टरांनी परवा इंजेक्शन दिलं, गोळ्याही दिल्या: मेटोक्लोप्रामाइड.

तिरफळ
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! आता शांतपणे वाचा.

सिंडोपा ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. म्हणजे अप्पा दिवसाला ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आधीच घेतायत. बियांत ते ३ ते ६ टक्के धरा. दोन चमचे पूड साधारण ६ ग्रॅम, म्हणजे वरून १८० ते ३६०. नक्की किती ते तात्याही सांगू शकणार नाहीत, एका वेलीची शेंग दुसरीसारखी नसते. नुसती पूड खाल्ली तर बरंचसं लेव्होडोपा मेंदूत पोचायच्या आधीच बाहेर खर्ची पडतं. पण अप्पांच्या पोटात गोळीतलं कार्बिडोपा आहे, ते हा खर्च अडवतं. म्हणून पूडही गोळीसारखी चढली. तुम्ही नकळत मात्रा दुपटीजवळ नेलीत. गुण का आला ते यातच आहे, आणि उलट्या का आल्या तेही.

दुसरं. मेटोक्लोप्रामाइड डोपामाइनची वाट अडवतं. कंपवाताच्या माणसाला ते देत नाहीत, अंग आखडतं. कालपासून हलत नाहीत ते यामुळेही असू शकेल. गावातल्या डॉक्टरांना कंपवात आहे हे सांगितलं होतं का? आता फोन करून सांगा, बदलून देतील.

तिसरं. घाबरून सिंडोपा तोडू नका. एकदम थांबवलं तर ताप येऊन अंग लाकडासारखं कडक होतं, ते जास्त वाईट. पूड थांबवा आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांना आजच फोन करा, हे सगळं सांगून.

काजूबी
रात्री काही वेगळं बोलतात का? उठताना चक्कर? मान, खांदा आपोआप डुलतो का?

रापण
मान डुलते. आम्हाला वाटलं गुणच येतोय, हालचाल वाढली. परवा रात्री आईला म्हणाले, खळ्यात चार माणसं उभी आहेत, त्यांना पाणी दे. आई बाहेर जाऊन आली.

डॉक्टरांना कंपवाताचं सांगितलं नव्हतं. मला वाटलं बघून कळेल.

कषाय
शोधन केलेली पूड असती तर एवढं झालं नसतं.

तिरफळ
दुधात शिजवून लेव्होडोपा सगळं निघून गेलं असतं, तर शर्टाला पेग लावण्यापुरताही गुण आला नसता. राहिलं असेल तर माझा हिशोब तसाच. वैद्यांकडून घ्यायचं असेल तरी गोळीची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवा आणि मग घ्या.

झिलगो
पेग म्हणजे काय गे?

तिरफळ
'बटण' लिहायचं होतं, फोनने केलं. शर्टाची बटणं लावण्यापुरता.

रापण
बटणांचं बरोबर ओळखलंत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, २ वर्षांनी. मग सुपारी कातरली. अडकित्ता हातात घेऊन बसले होते अर्धा तास, नुसते कातरत. आई रडायला लागली. म्हणून तर विचारत होतो किती द्यावी.

नस्ती_उठाठेव
मग हेच कोल्हापूरला सांगा. गोळीची मात्रा कमी पडतेय, किंवा वेळा चुकतायत. जेवणासोबत देता का? डाळ, मासे, अंडी असली की लेव्होडोपा आतड्यातून नीट शोषलं जात नाही. जेवणाआधी अर्धा तास देऊन पाहा, अर्थात विचारूनच.

रापण
बांगड्याच्या कालवणाबरोबरच देतो, विसरायला नको म्हणून.

मावशी_दादर
नीरब्राह्मी कुठे मिळेल हे कोणी सांगितलंच नाही.

रापण (दुसऱ्या दिवशी)
कोल्हापूरला फोन लागला. पूड बंद, उलटीची गोळी बदलून डोम्पेरिडोन, सिंडोपा तीनच पण जेवणाआधी, आणि पाऊस उघडला की घेऊन या म्हणाले. ती अर्धी पांढरी गोळी ट्रायहेक्सीफेनिडिल (थरथर कमी करायची) निघाली, तीही ७४ वयाला नको म्हणाले, हळूहळू कमी करू. आज दुपारी दोन पावलं चालले. तिरफळताई, आभार.

रापण (रात्री)
वर 'पूड बंद' लिहिलं ते पुरतं खरं नाही. आत्ता अप्पांची चंची झाडली, चुन्याच्या डबीखाली कागदाची पुडी मिळाली. विचारलं तर म्हणाले, रविवारी भजन आहे, सदरा घालायचाय.