सीबीएल-बी काढलं तरी जर्काटमध्ये आयएल-२ वाढत नाही, चुकतंय कुठे?

टीपेशी_३७: जर्काट या टी पेशींच्या प्रयोगशाळेतल्या वाणात क्रिस्परने सीबीएल-बीचं (इतर प्रथिनांवर युबिक्विटिन ही खूण लावून टी पेशीला आवरणाऱ्या प्रथिनाचं) जनुक तोडलं आहे. वेस्टर्नमध्ये (प्रथिनं वजनानुसार पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीत) १२० किलोडाल्टनजवळचा पट्टा पूर्ण गेला. तरी सीडी३ आणि सीडी२८ या टी पेशीवरच्या रिसेप्टरना चेतवणाऱ्या मण्यांनी (पेशीला एक मणी) २४ तास चेतवल्यावर आयएल-२ (टी पेशीचा संदेश-रेणू) मूळ पेशींइतकाच येतो. पीआय३-कायनेज या एन्झाइमच्या पी८५ भागाचं प्रमाणही तेवढंच. युबिक्विटिनचा लांबट डाग तर मूळ पेशींतही दिसत नाही. लायसिस बफरमध्ये १% ट्रायटन, प्रोटिएज इनहिबिटर आणि १ मिलिमोलर डीटीटी. आणखी एक शंका: सीबीएलमधल्या म्युटेशनमुळे ल्युकेमिया होतो, मग सीबीएल-बी रोखून कॅन्सरवर औषध करायचं हे उलटं नाही का?

पट्टेवाला: नॉकआउट ठीक दिसतोय, पेशी चुकीची निवडली आहे. जर्काटमध्ये पीटेन नाही आणि शिप-१ ही नाही (दोन्ही या मार्गाला आवरणारी प्रथिनं), त्यामुळे पीआय३-कायनेजचा मार्ग न चेतवताही चालू असतो. चेतवण्याआधीच एकेटीच्या (या मार्गातल्या पुढच्या प्रथिनाच्या) सेरीन ४७३ वर फॉस्फेट बघा, भरपूर सापडेल. ज्या मार्गावर सीबीएल-बी लगाम घालतं तो आधीच मोकाट आहे, मग लगाम काढून फरक काय पडणार?

दुसरी चूक सीडी२८ ची. सीबीएल-बीचं मुख्य काम म्हणजे सीडी२८ चा दुजोरा मिळाल्याशिवाय टी पेशीला पेटू न देणं. २००० साली नॉकआउट उंदरांत हेच दिसलं: त्यांच्या टी पेशी नुसत्या सीडी३ वर आयएल-२ बनवू लागल्या. शिवाय सीडी२८ चा संदेश आला की पेशी स्वतःच सीबीएल-बी नष्ट करते. म्हणजे मणी टाकून तुम्ही मूळ पेशींनाही निम्मं नॉकआउट करताय.

रक्तातल्या टी पेशी घ्या. मण्यांवर ४८ तास वाढवा, मणी काढा, कॅस९ आणि गाइड आरएनए एकत्र बांधून इलेक्ट्रोपोरेशन करा. प्रथिन संपायला चार-पाच दिवस द्या आणि पेशी पुन्हा लहान होईपर्यंत विश्रांती द्या. मग प्लेटला चिकटवलेली ओकेटी३ (सीडी३ ला चेतवणारी अँटीबॉडी) ०.०३ ते ३ मायक्रोग्रॅम/मिलि अशा पायऱ्यांनी, सीडी२८ शिवाय. फरक दिसेल तो कमी-मध्यम मात्रेत. वरच्या टोकाला दोन्ही रेषा जुळतात. पीएमए-आयोनोमायसिनचा एक कप्पा ठेवाच. तिथे फरक दिसला तर गडबड सीबीएल-बीची नाही, कारण ही दोन्ही रसायनं रिसेप्टरला वळसा घालून जातात.

सगळ्यात जास्त फसवतं ते वेगळंच: माध्यमात घातलेला आयएल-२ एलायझामध्ये (तो मोजायच्या अँटीबॉडी चाचणीत) पकडला जातो. चेतवण्याआधी पेशी तीनदा धुवा, आणि सोबत इंटरफेरॉन-गॅमाही मोजा.

लायसिस_काकू: पी८५ कमी झालं नाही यात नवल काही नाही. सीबीएल-बी त्यावर युबिक्विटिन लावतं ते प्रथिन मोडण्यासाठी नव्हे, सीडी२८ जवळ पोचू न देण्यासाठी. "युबिक्विटिन म्हणजे प्रोटिअसोम" (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) हे समीकरण या कुटुंबाला लावलं की फसगत ठरलेली. ईजीएफआरचंही (ईजीएफ या वाढ-संदेशाच्या रिसेप्टरचंही) तसंच: सीबीएल त्याला सुटी आणि के६३ साखळीची युबिक्विटिन लावतं, रिसेप्टर लायसोसोमकडे (पेशीच्या पचनपिशवीकडे) जातो. त्यामुळे के४८ साखळीची (प्रोटिअसोमकडे नेणाऱ्या) अँटीबॉडी तिथे फारसं काही दाखवत नाही, आणि घट खरंच लायसोसोममुळे होते का हे बॅफिलोमायसिनने (लायसोसोम बंद पाडणाऱ्या रसायनाने) तपासावं लागतं.

डाग न दिसण्याचं कारण तुमच्या बफरमध्येच आहे. थंड ट्रायटनमध्ये डीयुबिक्विटिनेज जिवंत राहतात आणि साखळ्या सोलून टाकतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ताजं एन-एथिलमॅलेइमाइड १० मिलिमोलर घाला, ते या एन्झाइमांना रोखतं. डीटीटी काढा, ते त्यालाच खाऊन टाकतं. पेशी १% एसडीएसमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा, सिरिंजने डीएनए तोडा, ट्रायटन बफरने दहापट पातळ करा आणि मगच इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटीबॉडीने हवं ते प्रथिन वेचणं). न उकळता केलंत तर सोबत चिकटलेल्या प्रथिनांचा युबिक्विटिन तुमच्या प्रथिनाच्या नावावर जमा होतो.

पद्धत आधी हीला पेशींत ईजीएफ १०० नॅनोग्रॅम/मिलि, २, ५ आणि १० मिनिटांवर बसवा. १-२ नॅनोग्रॅमला रिसेप्टरवर युबिक्विटिन जवळजवळ दिसतच नाही. अँटीबॉडी एफके२ घ्या, ती मोकळा युबिक्विटिन धरत नाही. नियंत्रण म्हणून रिंग भागातलं (युबिक्विटिन लावायला लागणाऱ्या भागातलं) सिस्टीन बदललेला सीबीएल (सी३८१ए) हवाच.

मज्जारज्जू_नव्हे_मज्जा: तिसऱ्या शंकेबद्दल. सीबीएल आणि सीबीएल-बी भावंडं आहेत, एकच प्रथिन नव्हे. मुलांच्या जेएमएमएल ल्युकेमियात सीबीएलचे बदल एक्झॉन ८-९ मध्ये, म्हणजे जोडपट्टी आणि रिंग भागात येतात. टायरोसीन ३७१ ही ठरलेली जागा. बहुतेकदा ११क्यू वर (११व्या गुणसूत्राच्या लांब बाजूवर) दोन्ही प्रती बिघडलेल्याच असतात. बिघडलेलं प्रथिन रिसेप्टरला धरतं, पण युबिक्विटिन लावत नाही, आणि वर सीबीएल-बीलाही वाट अडवतं. जागा अडवून बसलेला रखवालदार हा नसलेल्या रखवालदारापेक्षा वाईट. उंदरांत नुसतं सीबीएल काढलं तर सौम्य परिणाम होतो. रक्ताच्या मूळपेशींतून दोन्ही काढली की मायलॉइड पेशींचा जीवघेणा आजार होतो.

म्हणून एनएक्स-१६०७ सारख्या, सीबीएल-बी रोखणाऱ्या रेणूंची खरी कसोटी दोघांपैकी सीबीएलला किती वाचवतात यावर आहे. टीकेबी भाग (लक्ष्य प्रथिनाला धरणारा) दोघांत इतका सारखा आहे की पूर्ण निवड अवघड. हा रेणू सीबीएल-बीला बंद घडीत गोंदासारखा चिकटवतो, त्यामुळे टायरोसीन ३६३ वर फॉस्फेट बसत नाही. फायदा टी पेशींपुरता नाही: २०१४ मध्ये उंदरांत दिसलं की सीबीएल-बी नसलेल्या एनके पेशी (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या) मेटास्टॅसिस रोखतात. आणि उलट बाजू म्हणजे स्वयंप्रतिकार रोग; सीबीएलबीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलांत तो लहानपणीच सुरू झालेला नोंदला आहे.

टीपेशी_३७: मास स्पेकसाठीही (रेणूंच्या वजनावरून प्रथिनं ओळखण्यासाठी) हेच एन-एथिलमॅलेइमाइड चालेल का? आमच्याकडे आयोडोअसिटामाइड वापरतात.

लायसिस_काकू: लायसिसमध्ये चालेल. पण नंतरच्या अल्किलेशनला (सिस्टीन झाकायच्या पायरीला) आयोडोअसिटामाइड नको, क्लोरोअसिटामाइड घ्या. आयोडोअसिटामाइड लायसीनवर दोनदा बसलं तर त्याचं वजन ११४ डाल्टन भरतं, ट्रिप्सिननंतर उरणाऱ्या युबिक्विटिनच्या दोन ग्लायसीनइतकंच. मग प्रत्यक्षात नसलेल्या जागा यादीत दिसू लागतात.